पाच नंबरची दोन मिनिटं

१

सन दोन हजार सतरा. हिवाळा सरत आला होता. फेब्रुवारीची नऊ तारीख, वार गुरुवार. त्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आयसीयूतले सगळे अलार्म एकदम गप्प झाले.

आयसीयू चौथ्या मजल्यावर. सहा खाटा आणि खिडकी एकही नाही. बाहेर ऊन आहे की आभाळ भरून आलंय, आतल्या माणसाला कळायला मार्ग नव्हता. दिवस कुठवर आला हे ड्यूटी बदलली की कळायचं. प्रत्येक खाटेच्या उशाशी एक मॉनिटर, बाजूला औषधाचे पंप. ही यंत्रं दिवसभर ओरडत. सलाईन संपली की ओरडत. माणूस कुशीवर वळला की ओरडत. बोटाला लावलेली क्लिप सुटली की सगळ्यांत जास्त ओरडत. शंभरातल्या नव्वद वेळा झालेलं काहीच नसे.

म्हणून तिथली एक रीत पडून गेली होती. जो जवळ असेल त्यानं येता-जाता हात लांब करायचा आणि बटण दाबायचं. यंत्र दोन मिनिटं गप्प बसे. बटणावर घंटेचं चित्र होतं आणि त्या चित्रावर फुली. पाच नंबरच्या बटणावरचं चित्र अंगठे लागून लागून पुसून गेलं होतं.

यंत्रांचं कमी पडे म्हणून की काय, लिफ्टची घंटाही तिथेच होती. लिफ्टमध्ये कोणी पिवळं बटण दाबलं की ती चौथ्या मजल्याच्या बोळात खणखणायची. कोणी दाबलं नाही तरी खणखणायची. शेवटी घड्याळबाईंनीच सांगितलं होतं, "मामा, त्या घंटीत कापूस कोंबा एकदाचा. माझं डोकं उठलंय."

मामा म्हणजे वॉर्डातला जुना कामगार. त्यानं घंटीत कापूस कोंबला, वर चिकटपट्टी लावली आणि म्हणाला, "घ्या. हिचं ऑपरेशन झालं. पेशंट शांत आहे."

घड्याळबाई म्हणजे थोरल्या सिस्टर. सव्वीस वर्षं नोकरी. छातीवर पिनेनं उलटं लावलेलं घड्याळ. दोनची ड्यूटी असली की दोनला दहा कमी असताना दारात हजर. सव्वीस वर्षांत एकदाही उशीर नाही. पाठीमागे सगळे त्यांना घड्याळबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

तर त्या गुरुवारी सकाळची ड्यूटी दुपारच्या ड्यूटीला काम सोपवत होती. औषधाच्या कपाटापाशी मोजदाद चालली होती. आणि आवाज गेला. कोणी बटण दाबलं नव्हतं. सहाच्या सहा यंत्रं एकाच क्षणी मुकी झाली.

"अगं बाई!" एक सिस्टर ओरडली. तिला सगळे बडबडी म्हणत. "माझे कान गेले की काय?"

"तुम्हाला कान होते का?" मामा म्हणाला. "सकाळपासून सांगतोय फरशी ओली आहे, फरशी ओली आहे, तरी तिघीजणी त्यावरूनच गेलात."

सगळे हसले. बडबडी म्हणाली, "जाऊ द्या, देवानं दोन मिनिटं सुट्टी दिली समजा."

घड्याळबाई हसल्या नाहीत. त्या पडद्यांकडे बघत होत्या. आकडे हलत होते. रेषा चालल्या होत्या. तीन नंबरच्या पडद्यावर लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे यंत्र ओरडत होतं. तोंड उघडं होतं आणि आवाज नव्हता.

त्या शांततेत बाईंना एक बारीक आवाज आला. प्लास्टिक लोखंडावर आपटल्याचा.

टक. मग थोडं थांबून, टक.

पाच नंबरवरून येत होता. पाच नंबरवर एक बेशुद्ध पेशंट होती. आठ दिवसांत तिनं बोट हलवलं नव्हतं. बाई दोन पावलं पुढे गेल्या. पेशंटचे हात चादरीवर सरळ होते, तसेच होते.

दोन वाजून बारा मिनिटांनी सगळी यंत्रं एकदम कोकलायला लागली.

२

तो आवाज बाईंच्या ओळखीचा होता.

नोव्हेंबरात पाच नंबरवर एक म्हातारा होता. शाळेच्या बसचा ड्रायव्हर, कधीचा निवृत्त झालेला. तोंडावर मास्क, त्यामुळे हाक मारायची सोय नाही. पण दोनच दिवसांत त्यानं एक गोष्ट हेरली. बोटाची क्लिप काढली की यंत्र ओरडतं, आणि यंत्र ओरडलं की माणूस येतं. झालं. तीच त्याची हाक. क्लिप काढायची आणि कोणी येईपर्यंत ती खाटेच्या दांडीवर आपटत राहायची. टक. टक.

"काय आजोबा, काय पाहिजे?"

मास्कच्या आतून तो विचारी, "किती वाजले?"

दुसरं काही नाही. पाणी नको, बेडपॅन नको. खिडकी नसलेल्या खोलीत त्याला वेळ पाहिजे असे. जन्मभर मिनिटावर गाडी सोडलेला माणूस. भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं, पण त्यावर त्याचा भरवसा नव्हता. "ते सरकारी आहे," म्हणायचा. त्याला बाईंच्या छातीवरचं घड्याळ चाले.

पहिले चार दिवस बाईंनी कौतुकानं वेळ सांगितली. पुढे दिवसातून तीस-चाळीस वेळा क्लिप निघायला लागली तेव्हा कौतुक संपलं. मग जो जवळ असेल तो हात लांब करी, बटण दाबी, आणि क्लिप सवडीनं लावी.

ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी पाच नंबर ओरडला. कपाटापाशी मोजदाद चालली होती आणि एक इंजेक्शन कमी भरत होतं.

"पाच ओरडतोय," बडबडी म्हणाली.

"क्लिप असेल," बाई म्हणाल्या आणि गेल्या. मान कपाटाकडेच होती. "खालचा कप्पा बघ गं," असं सांगता सांगता त्यांनी हात लांब केला आणि बटण दाबलं.

परत वळताना डोळ्याच्या कोपऱ्यात त्यांना म्हाताऱ्याचा उजवा हात दिसला. क्लिपचा लाल उजेड बोटावर होता.

क्लिप निघाली नव्हती.

हे त्यांना दिसलं. कळलंही. पण पाय कपाटाकडे निघाले होते आणि ते गेले. इंजेक्शन खालच्या कप्प्यातच सापडलं. दोन वाजून बारा मिनिटांनी यंत्र पुन्हा ओरडलं तेव्हा सगळे धावले. डॉक्टर आले, छाती दाबली, पंचवीस मिनिटं धडपड केली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलंच होतं, दोन मिनिटांनी काही फरक पडला नसता. असेलही तसं.

बाईंनी कोणाला काही सांगितलं नाही. विचारलंच नाही कोणी.

मग फेब्रुवारीच्या आठ तारखेला, बुधवारी, म्हाताऱ्याची बायको फाइलची नक्कल न्यायला आली. बारीक अंगाची, पांढरे केस घट्ट बांधलेली. कागद पिशवीत घातले, पण जाईना.

"सिस्टर, एक विचारू? शेवटी जवळ कोण होतं त्यांच्या?"

बाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं. तीन महिने ती झोपली नसावी असं ते तोंड होतं.

"मी होते," बाई म्हणाल्या. "हात धरून उभी होते. शांतपणे गेले. वेळ विचारली, मी सांगितली."

असं बोलायचं त्यांच्या मनातही नव्हतं. तोंडातून निघून गेलं. म्हातारीनं त्यांचे दोन्ही हात घेतले आणि स्वतःच्या कपाळाला लावले. म्हणाली, "तुमचं देणं मी कशी फेडू?"

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.

३

शुक्रवारी दोन वाजून दहा मिनिटांनी पुन्हा तेच झालं. शनिवारीही. बडबडीला मजा वाटायला लागली होती. दोनला पाच झाले की ती म्हणे, "चला, सुट्टी येतेय, ज्याला शिंकायचं असेल त्यानं शिंकून घ्या."

टकटक मात्र बाईंशिवाय कोणाला ऐकू येत नव्हती. त्यांनी सगळ्यांना आडून आडून विचारून बघितलं.

"मामा, दांडी कुठं सैल आहे का पाचची? काही वाजतं."

मामानं दांडी हलवून बघितली. "घट्ट आहे, ताई. तुमच्या-माझ्यापेक्षा घट्ट."

बाई खुळचट नव्हत्या. सव्वीस वर्षांत त्यांनी किती माणसं जाताना पाहिली होती त्याचा हिशेब नव्हता, आणि गेलेलं माणूस परत येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कान थकतात. दिवसभर आवाज ऐकले की शांततेतही आवाज येतात. रक्तदाब तपासून घेतला. कानाच्या डॉक्टरला कान दाखवले. तो म्हणाला, या वयात तुमच्यासारखे कान माझ्या मुलीचेही नाहीत.

सोमवारी मशीनवाला आला. यंत्रांची दुरुस्ती तोच करायचा. त्यानं सहाही मॉनिटर उघडले, तारा तपासल्या, पुन्हा लावले.

"काही दोष नाही, ताई."

"मग बंद का पडतात?"

"बंद पडत नाहीत. कोणीतरी गप्प करतंय." त्यानं पडद्यावर नोंदींची यादी काढली. कुठलं बटण कधी दाबलं ते यंत्रात राहतं, हे बाईंना तेव्हा कळलं. "हे बघा. गुरुवार, दोन दहा. शुक्रवार, दोन दहा. काल, दोन दहा. सगळ्या वेळी एकच बटण. पाच नंबरचं."

"पाचचं बटण दाबलं तर पाचच गप्प होईल. बाकीचे पाच कसे होतात?"

"तेच तर मला कळत नाही," मशीनवाला म्हणाला. मग हसून म्हणाला, "तुमच्यापैकीच कोणीतरी येता-जाता दाबत असेल. सवय असते हाताला."

बाईंनी विचारलं, "नोव्हेंबरच्या नोंदी राहतात का यात?"

"नाही हो. तीन महिन्यांनी पुसल्या जातात."

बाईंना हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याची लाज वाटली.

मंगळवारी त्या दोन वाजून आठ मिनिटांनीच पाच नंबरच्या बटणापुढे जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात पाठीमागे बांधले. बटणाला कोणालाही हात लावू द्यायचा नाही असं ठरवूनच. छातीवरचं घड्याळ उचलून काट्याकडे बघत राहिल्या. कोणी आलं नाही. काटा दहावर गेला आणि बटण आत दबलं. थोडंसंच, अंगठ्यानं दाबल्यासारखं. आणि खोलीतला आवाज गेला.

टक. त्यांच्या मांडीजवळ. दांडीवरच.

त्यांनी खाली बघितलं नाही. मान वर धरून त्या समोर बघत राहिल्या, आणि म्हणूनच त्यांना दोन नंबर दिसला. दोनवर एक ट्रक ड्रायव्हर होता, पोरसवदा. त्याची श्वासाची नळी पिरगळली होती. ओठ निळे पडले होते. यंत्र लाल लाल होऊन ओरडत होतं आणि खोलीत सुईचाही आवाज नव्हता. बडबडी त्याच्याकडे पाठ करून चार्ट लिहीत होती.

बाई धावल्या. नळी सरळ केली. त्याच्या ओठांवर रंग यायला अर्धं मिनिट लागलं. ते अर्धं मिनिट त्यांना जन्मभर पुरलं असतं.

"ताई, काय झालं?" बडबडीनं वळून विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "आजपासून दोन दहाला कोणी पाठ करायची नाही. सहा खाटा, सहा माणसं. मामा, तुम्हीसुद्धा."

"मी काय करू उभं राहून?"

"तोंडाकडे बघा पेशंटच्या."

मामा थट्टा करायला गेला, पण बाईंकडे बघून एक नंबरच्या उशाशी जाऊन उभा राहिला.

४

शनिवारी बाईंची सुट्टी होती. सकाळी त्यांनी कपडे धुतले, दुपारी जेवून पलंगावर पडल्या. नवरा बाहेरच्या खोलीत टीव्हीवर मॅच बघत होता. त्याची एक खोड होती. खेळाडूंना तो घरातून सूचना द्यायचा.

"पळ की गाढवा! पळ! अरे पाय आहेत का—"

आणि टीव्ही गेला. रस्त्यावरचा हॉर्न गेला. नवऱ्याचा आवाजही अर्ध्या शब्दात गेला.

बाईंनी घड्याळ बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. दारातून नवरा दिसत होता. हात उडवत होता, तोंड चालू होतं.

टक.

पलंग लाकडाचा होता. आवाज लोखंडाचा होता. उशाशी, उजव्या बाजूला.

बाईंना उठता येईना. कोणी धरलं नव्हतं. पण आपण पाठीवर पडलो आहोत, वर छत आहे, आणि आपल्याला कोणीतरी येईपर्यंत असंच पडून राहायचं आहे, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांनी नवऱ्याला हाक मारली. घशात हाक तयार झाली, ओठ हलले. स्वतःची हाक त्यांना स्वतःला ऐकू आली नाही.

नवऱ्यानं एकदा वळून बघितलं. हात वर केला, थांब थांब म्हणाल्यासारखा. आणि परत टीव्हीकडे तोंड केलं.

टक. टक.

मग सगळे आवाज परत आले. त्यात दाराची घंटाही होती.

"अगं, केव्हाची वाजतेय," नवरा म्हणाला. "मला वाटलं तू उघडशील. हाक मारलीस ना? मला वाटलं सहज मारली."

दारात म्हातारी उभी होती. मामाकडून पत्ता काढून आली होती. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"दोन मिनिटं झाली बेल वाजवतेय," ती म्हणाली. "म्हटलं घरी नाहीत की काय."

कागदात लोकरीचे हातमोजे होते, बिनबोटांचे. "तुमच्या त्या खोलीत गारठा असतो. मी रात्रंदिवस विणलं नाही हो, दिवसाच विणलं. रात्री मी झोपते आता." ती हसली. "तीन महिने डोळा लागत नव्हता. एकटे गेले असतील का, हाक मारली असेल का, हेच डोक्यात. तुम्ही सांगितलंत त्या दिवसापासून पडल्या पडल्या झोप लागते."

बाईंनी पाणी आणून दिलं. त्यांना सांगून टाकायचं होतं. शब्द जुळवून ठेवले होते, मी खोटं बोलले. इतकंच. तीन शब्द.

"परत सांगा ना एकदा," म्हातारी म्हणाली. "कोणता हात धरला होता?"

"उजवा."

"त्याला तो चिमटा असायचा ना, लाल दिव्याचा? मग कसा धरलात?"

म्हातारी संशयानं विचारत नव्हती. गोष्ट पुन्हा ऐकणाऱ्या लहान मुलासारखी ती पुढे सरकून बसली होती.

"चिमट्यासकट," बाई म्हणाल्या.

"असं." म्हातारीनं स्वतःची तर्जनी दुसऱ्या मुठीत धरून बघितली. "असं ना?"

"असंच."

म्हातारी बराच वेळ स्वतःचं बोट धरून बसली. मग उठली. जाताना नवऱ्याला म्हणाली, "फार मोठ्या मनाची बायको मिळाली तुम्हाला."

"माहीत आहे," नवरा म्हणाला. "मॅच बघू देते."

दार लागलं. बाई हातमोजे हातात घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. सांगावं तर म्हातारीची झोप जाते. न सांगावं तर दोन दहा सोडत नाही. कुठूनच वाट नव्हती.

५

मंगळवारी त्यांनी बदलीचा अर्ज लिहिला. चार ओळींत. खालच्या मजल्यावर कपड्यांचं भांडार होतं, तिथे यंत्र नव्हतं, पेशंट नव्हता. आपण इथून गेलो की खोली तरी सुटेल, सहा माणसं तरी सुटतील, असा त्यांचा हिशेब. शिवाय दोन दहा व्हायच्या आत चौथ्या मजल्यावरून निघायचं होतं. उद्यापासून काय करायचं ते उद्या.

दोन वाजून सहा मिनिटांनी त्यांनी काम सोपवलं. "दोन दहाला तोंडाकडे बघा सगळ्यांच्या," बडबडीला बजावलं.

"आणि तुम्ही कुठं चाललात?"

"मेट्रनकडे."

"सुट्टीच्या टायमाला सुट्टी!" बडबडी म्हणाली.

लिफ्ट रुंदीला बेताची, पण लांब होती. स्ट्रेचर जावं म्हणून. भिंतीला पत्रा, त्यावर चाकांचे काळे ओरखडे. बाई दाराजवळ उभ्या राहिल्या, तळमजल्याचं बटण दाबलं. तिसरा मजला गेला. तिसऱ्या-दुसऱ्याच्या मध्ये लिफ्ट थांबली. झटका नाही, काही नाही. नुसती थांबली. पंखा फिरत होता. त्याचा आवाज गेला.

बाईंनी घड्याळ उलटं धरून बघितलं. दोन दहा. सेकंदकाटा बारावर उभा होता. सरकत नव्हता.

त्यांनी पिवळं बटण दाबलं. दाबून धरलं. त्यांना काही ऐकू आलं नाही, पण घंटा वर आहे, वर वाजत असेल. मग त्यांना कापूस आठवला. चिकटपट्टी आठवली. आपलीच आज्ञा आठवली.

त्यांनी दारावर मूठ मारली. मूठ दुखली, आवाज झाला नाही. हाका मारल्या. वर कोणी ऐकलं तरी काय म्हणेल ते त्यांना ठाऊक होतं. लिफ्टची घंटा का? ती उगाचच वाजते.

टक.

त्यांच्या मागे. लिफ्टच्या लांब, आतल्या टोकाला.

दिवा गेला.

बाईंनी पाठ दाराला लावली. पत्रा गार होता. त्या स्वतःला म्हणाल्या, लिफ्ट रिकामी आहे. आत शिरताना मी पाहिली आहे. सव्वीस वर्षांची नोकरी आहे माझी. मी खुळी नाही.

अंधारात, कंबरेच्या उंचीवर, एक लाल ठिपका होता.

ठिपका नव्हता. बोट होतं. आतून लाल उजळलेलं, जसं क्लिपच्या उजेडानं बोट उजळतं. नखाची कड दिसत होती. नखाखालची जुनी काळी रेघ दिसत होती, इंजिनाच्या तेलाची, जी जन्मभर धुऊन गेली नव्हती. बोटामागे हात असणार. हातामागे काय असेल ते त्या उजेडात येत नव्हतं.

बोट उचललं गेलं आणि दांडीवर आपटलं. टक. तिथे दांडी नव्हती.

त्यांनी पिवळं बटण चाचपून पुन्हा दाबलं. पुन्हा, पुन्हा. किती वेळ, कोण जाणे. काटा चालत नव्हता. श्वास आखूड होत गेला. छातीवर कोणी बसल्यासारखं झालं. कोणीतरी येईल, कोणीतरी येईल, आता येईल. हे कोणाच्या मनात चाललं आहे, आपल्या की त्या बोटाच्या, हे त्यांना निराळं करता येईना.

मग त्यांनी बटण सोडलं.

दारापासून त्या टोकापर्यंत चार पावलं होती. नोव्हेंबरात कपाटापासून खाटेपर्यंतही तितकीच होती. बाई चालल्या. चौथ्या पावलाला मांडीला काहीतरी लागलं, गार, खाटेच्या दांडीसारखं. त्यांनी हात पुढे केला आणि बोट मुठीत धरलं. चिमट्यासकट.

बोट गरम होतं.

मुठीत नाडी लागत होती. बारीक, अडखळती. अंधारात, अगदी जवळून, मास्कच्या आतून आल्यासारखा श्वास आला. त्यानं काही विचारलं. शब्द ऐकू आले नाहीत. प्रश्न ठाऊक होता.

"दोन वाजून दहा मिनिटं झालीत, आजोबा," बाई म्हणाल्या. आणि हे शब्द त्यांना ऐकू आले. त्या अंधारातला पहिला आवाज.

छातीवर घड्याळ टिकटिकायला लागलं.

त्यांनी हात सोडला नाही. मान वळवली नाही. जिथे तोंड असेल तिथे त्या बघत राहिल्या. दिसत काही नव्हतं, तरी बघत राहिल्या. नाडी चुकली, परत आली. पुन्हा चुकली. मुठीतलं बोट एकदा घट्ट झालं, पकडल्यासारखं. नाडीतलं अंतर वाढत गेलं. बाईंना मोजायची सवय होती, पण त्यांनी मोजलं नाही.

"मी आहे," त्या म्हणाल्या. "इथेच आहे."

मग एक ठोका आला आणि त्यानंतरचा आला नाही.

लाल उजेड हळूहळू पिवळा पडला आणि विझला. बोट मुठीत होतं. गार होईपर्यंत बाईंनी ते धरून ठेवलं.

६

दार मामानं पहारीनं उघडलं. उजेड आत आला. लिफ्ट रिकामी होती. आतल्या टोकाला बाई उभ्या होत्या, उजवा हात पुढे, मूठ आवळलेली.

"ताई! अहो ताई! पाऊण तास शोधतोय तुम्हाला. घंटीतून नुसतं गुरगुरल्यासारखं येत होतं, बडबडी म्हणाली उगाच आहे. मी म्हटलं बघू तरी. कापूस ओढला तर केवढ्यानं खणखणली."

बाईंनी घड्याळ बघितलं. दोन वाजून बारा मिनिटं झाली होती.

"वरती?" त्यांनी विचारलं. "आज दोन दहाला?"

"आज सुट्टी नाही मिळाली. सगळे अलार्म नीट कोकलत होते." मामानं हात धरून त्यांना बाहेर घेतलं. फरशीवर अर्जाचा कागद पडला होता, तो त्यानं उचलला. बाईंनी तो त्याच्याकडून घेतला आणि चार तुकडे केले.

वरून जिन्यातून एका यंत्राचा आवाज येत होता. बाई जिन्याकडे वळल्या.

"हातात काय आहे, ताई? लागलंय का?"

बाईंनी मूठ उघडायला घेतली. बोटं आखडली होती, एकेक करून सरळ करावी लागली. हातात काही नव्हतं. तळव्यावर चिमट्याच्या कडेचा वळ होता.

"एकाचं देणं होतं," बाई म्हणाल्या. "फिटलं."